सर्व शाखांसाठी पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स: प्रकल्प नोंदी

४ जून: चौकट

सेमिस्टर १४ आठवड्यांचं. आठवड्याला ७५ मिनिटांची दोन व्याख्यानं आणि ११० मिनिटांची एक लॅब. लॅबच्या एका तुकडीत २४ विद्यार्थी, म्हणजे १२ जोड्या. लिबरल आर्ट्स कॉलेज असल्यामुळे वर्गात इतिहास, साहित्य, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान असे सगळेच येणार. बहुतेकांचा संगणकशास्त्राशी संबंध या एका कोर्सपुरता. थोडेजण पुढे तोच मुख्य विषय घेतील.

दोन्ही गटांना एकच कोर्स, हे सगळ्यात आधी ठरलं. वेगळे काढले की 'इतरांसाठीचा' कोर्स हळूहळू सॉफ्टवेअर वापरायला शिकवणारा होतो, आणि ज्याला दुसऱ्या वर्षी गोडी लागते त्याला मुख्य विषयाकडे वळायची वाट उरत नाही.

वेळेचं गणित सरळ आहे. व्याख्यानांचे एकूण ३५ तास. एसीएम आणि आयईईई कम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या दोन संस्थांच्या २०१३च्या मार्गदर्शक अभ्यासक्रमात गाभ्याचा पहिला स्तर १६५ तासांचा आणि दुसरा १४३ तासांचा आहे. म्हणजे पहिला स्तर पुरा करायलाच असे जवळपास पाच कोर्स लागतील. पदवीचे बरेचसे विषय इतर शाखांमधून घ्यायचे असतात, तिथे सगळं बसवायच्या नादी लागलं तर काहीच नीट होत नाही. लहान कॉलेजांसाठी १९८६ साली जो पहिला आदर्श अभ्यासक्रम मांडला गेला, त्याचाही भर मोजक्या कोर्सवर आणि टिकाऊ तत्त्वांवरच होता.

ठेवलं: फंक्शन, अट, लूप, लिस्ट, डिक्शनरी (प्रत्येक नावाला एक किंमत जोडून ठेवणारा साठा), फाइल वाचणं, अल्गोरिदमचा खर्च (किती पावलं लागतात), रिकर्जनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) ओळख, गणनेच्या मर्यादा. काढलं: क्लास आणि इन्हेरिटन्स, खिडक्या-बटणं, वेब. डिक्शनरी चौथ्या आठवड्यातच हवी, कारण इतर शाखांमधले निम्मे प्रश्न 'कशाचं किती' या स्वरूपाचे असतात. क्लासची गरज १४ आठवड्यांत कुठेच पडत नाही.

कोर्सचा एकच पक्का नियम: प्रत्येक लॅब दुसऱ्या शाखेतल्या प्रश्नापासून सुरू होईल, आणि कोड लिहिण्याआधी जोडीने अर्ध्या पानाचं 'व्याख्या-पत्रक' द्यायचं. काय मोजायचं, काय सोडायचं, आणि कुठला निर्णय पुराव्यावर नसून आपल्या पसंतीचा आहे. हे पत्रक लॅबच्या पहिल्या २० मिनिटांत. संगणकाला 'साधारण' हा शब्द कळत नाही, आणि या विद्यार्थ्यांना या विषयाकडून मिळण्यासारखी सर्वात मोलाची गोष्ट तीच आहे.

११ जून: साधनं

भाषा पायथॉन ३. एडिटर थॉनी, कारण त्याच्याबरोबर पायथॉन आपोआप येतो, व्हेरिएबलच्या किमती बाजूच्या खिडकीत दिसतात, आणि डीबगर एका ओळीतलं पदसुद्धा टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवतो. नवशिक्याला हे शेवटचं फार उपयोगी पडतं.

नोटबुक (कोडचे छोटे कप्पे आणि त्यांचे निकाल एकाच पानावर ठेवणारं साधन) पहिल्या आठ आठवड्यांत वापरायची नाही. तिच्यात कप्पे वाटेल त्या क्रमाने चालवता येतात. पुसून टाकलेल्या कप्प्यातलं व्हेरिएबल मेमरीत तसंच राहतं, म्हणून आज चाललेला कोड उद्या उघडल्यावर चालत नाही. क्रमाने चालणं म्हणजे काय हे पक्कं होण्याआधी ही सवय लागू नये. नवव्या आठवड्यापासून नोटबुक चालेल, पण देण्याआधी कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) नव्याने सुरू करून सगळे कप्पे वरून खाली चालवायचे.

लॅबच्या भिंतीवर लावायच्या कागदावर ठरावीक अडचणी:

फाइलला 'रँडम' किंवा 'सीएसव्ही' असं नाव दिलं की इंपोर्ट करताना पायथॉन स्वतःच्या त्याच नावाच्या तयार मॉड्यूलऐवजी विद्यार्थ्याचीच फाइल उचलतो. चूक मात्र वेगळ्याच ओळीवर दिसते, त्यामुळे शोधत बसावं लागतं. उपाय: फाइलच्या नावाआधी लॅबचा क्रमांक.

कोड वर्ड प्रोसेसरमधून किंवा पीडीएफमधून चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात आणि 'अवैध अक्षर' अशी तक्रार येते. पुन्हा हाताने टाइप करा.

विंडोजवर झिप न उलगडता आतली प्रोग्रॅमची फाइल उघडली तर तेवढीच एक फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते. डेटाची फाइल मागेच राहते आणि 'फाइल सापडत नाही' असं येतं. आधी झिप पूर्ण उलगडा. तरी अडलं तर चालू फोल्डर कुठला आहे ते प्रिंट करून बघा.

२५ जून: धड्यांचा क्रम

प्रत्येक नवीन कल्पना याच क्रमाने: आधी भाकीत, मग चालवून बघणं, मग खोदणं, मग बदल, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं लिहिणं. कोऱ्या स्क्रीनपासून सुरुवात करायला लावली की नवशिक्याची सगळी शक्ती कंस आणि स्वल्पविरामांत जाते.

भाकीत कागदावर, पेनाने. स्क्रीनवर करायला सांगितलं तर विद्यार्थी आधी प्रोग्रॅम चालवतात आणि मग भाकीत लिहितात.

मधल्या टप्प्याला पार्सन्स प्रॉब्लेम: बरोबर कोडच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि क्रम लावायला सांगायचं. हा प्रकार डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडला. ओळी ६ ते १०, फसव्या ओळी दोनपेक्षा जास्त नकोत, आणि पहिले दोन आठवडे इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) तयारच द्यायचं. फसवी ओळ नेमक्या गैरसमजावरच हवी. उदाहरणार्थ एका ओळीत रिटर्न (फंक्शनमधून उत्तर परत देणारी आज्ञा) लूपच्या आत आणि दुसरीत बाहेर. टायपिंगची चूक दाखवणारी फसवी ओळ काहीच शिकवत नाही.

जोडीत एकजण कीबोर्डवर, दुसरा वाचणारा. १५ मिनिटांनी अदलाबदल, घड्याळ लावून. जोडणी अनुभव बघून करायची: ज्याने आधी प्रोग्रॅमिंग केलंय त्याला तसाच जोडीदार. अनुभवी आणि नवखा एकत्र बसवले की कीबोर्ड अनुभवी विद्यार्थ्याकडेच राहतो, घड्याळ लावलं तरीही.

९ जुलै: मजकुराचा डेटा

साहित्य आणि इतिहासाच्या लॅबसाठी मजकूर साफ करणं. हे काम वाटतं त्यापेक्षा मोठं आहे, आणि त्यातला बराच भाग विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यायला हवा.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहातल्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला माहितीचा मथळा आणि शेवटी लांबलचक परवाना असतो. तो काढला नाही तर छोट्या कथेच्या शब्दमोजणीत प्रकल्पाचंच नाव वर येतं. मजकुराच्या पहिल्या लॅबला हा भाग मुद्दाम ठेवायचा: निकाल बघून काहीतरी चुकलंय हे ओळखणं हाच त्या दिवशीचा धडा.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत. विंडोजवर पायथॉनचं फाइल उघडणं एन्कोडिंग न सांगता केलं तर बऱ्याच मशीनवर यूटीएफ-८ ऐवजी जुनी १२५२ कोडपेज वापरली जाते. देवनागरी मजकुरात याचा परिणाम मजेशीर नसून त्रासदायक आहे: हलन्त, ऱ्हस्व उकाराची मात्रा आणि 'ए', 'झ' अशा काही अक्षरांचा शेवटचा बाइट त्या कोडपेजमध्ये रिकाम्या जागी पडतो, म्हणून यांपैकी पहिलं काही आलं की प्रोग्रॅम थांबतो. यांपैकी काहीच नसलेली छोटी चाचणी-फाइल मात्र विनातक्रार वाचली जाते आणि लॅटिन अक्षरांचा खिचडा देते. 'माझ्याकडे चालतंय' आणि 'माझ्याकडे चालत नाही' हे दोन्ही एकाच वर्गात ऐकू येतं ते यामुळे. प्रत्येक फाइल उघडताना एन्कोडिंग लिहायचंच. एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून काढलेल्या सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याच्या) सुरुवातीला एक अदृश्य खूण येते आणि पहिल्या स्तंभाचं नाव जुळत नाही. तिथे 'यूटीएफ-८-सिग' वापरायचं.

शब्द वेगळे करणं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरात नमुना शोधण्याच्या भाषेतली) 'शब्दाचं अक्षर' ही खूण पायथॉनच्या मूळ मॉड्यूलमध्ये मात्रा आणि हलन्त ओळखत नाही. 'नमस्ते' दिलं की 'नमस' आणि 'त' असे दोन तुकडे परत येतात. म्हणून मराठी मजकुरासाठी मोकळ्या जागेवर तोडायचं आणि मग दोन्ही टोकांची विरामचिन्हं काढायची. काढायच्या चिन्हांत वळणदार अवतरणं, दंड आणि तीन टिंबांचं एकच अक्षर हेही हवं.

लांबी. 'स्त्री' या शब्दाची लांबी पायथॉन ६ सांगतो: तीन व्यंजनं, दोन हलन्त, एक मात्रा. वाचणाऱ्याला ते एकच अक्षर. आणि 'दुसऱ्या' हा शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो: नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) जोडलेलं तयार 'ऱ', 'र' आणि वेगळा नुक्ता, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी (शक्य तिथे जोडलेल्या, प्रमाण) रूपात आणले की एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. हे केलं नाही तर डिक्शनरीत एकाच शब्दाच्या तीन नोंदी होतात आणि मोजणी गुपचूप चुकते.

व्याख्या-पत्रकात 'शब्द म्हणजे काय' हा रकाना या सगळ्यासाठी आहे.

२६ ऑगस्ट: पहिला आठवडा

भाकितांच्या कागदांवर दिसलेले गैरसमज, जवळपास ठरलेले. इनपुटमधून आलेला '२' हा आकडा नसून अक्षर आहे, म्हणून २ आणि २ मिळून २२. 'क = ख' लिहिल्यावर दोन्ही कायमचे बांधले गेले अशी समजूत. गणितातल्या बरोबरच्या चिन्हाची सवय यामागे आहे. वाचताना 'क मध्ये ख ची किंमत ठेव' असंच मोठ्याने म्हणायला लावलं.

प्रिंट आणि रिटर्न यांतला गोंधळ सगळ्यात चिवट. फंक्शन प्रिंट करतं, पडद्यावर बरोबर उत्तर दिसतं, आणि तेच उत्तर पुढच्या हिशोबात वापरायला गेलं की 'नन' (पायथॉनमधलं 'काहीच किंमत नाही') मिळतो. यावर समजावून सांगण्याचा फारसा उपयोग नाही. पहिल्या दिवसापासून फंक्शनमध्ये प्रिंटवर बंदी आणि तपासणी फक्त परत आलेल्या किमतीची, एवढं पुरतं.

९ सप्टेंबर: मतदानाचे प्रश्न

व्याख्यानात दर २० मिनिटांनी एक बहुपर्यायी प्रश्न. आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं चर्चा, मग पुन्हा मत. ही पद्धत एरिक मेझर यांनी भौतिकशास्त्रासाठी रूढ केली. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण ३५ ते ७० टक्के असतील तेव्हाच चर्चेला अर्थ आहे. त्याखाली असेल तर कुणाकडेच पटवण्यासारखं काही नसतं. त्यावर असेल तर सरळ पुढे जायचं.

चांगला चाललेला प्रश्न: 'जर उत्तर बरोबर "हो" किंवा "होय"' अशी अट जशीच्या तशी पायथॉनमध्ये लिहिली तर 'नाही' टाइप केल्यावर काय होईल? अट खरी ठरते, कारण 'किंवा'नंतरची रिकामी नसलेली स्ट्रिंग पायथॉनला स्वतःच खरी वाटते. बोलीतलं वाक्य आणि तर्काचं वाक्य वेगळं आहे, यावर तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी चर्चा पुढे नेली.

२३ सप्टेंबर: मार्कोव्हची लॅब

रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन' या काव्यातली पहिली २०,००० अक्षरं हाताने मोजली. मोकळ्या जागा, विरामचिन्हं आणि रशियनमधली मृदू व कठोर चिन्हं सोडून. स्वर ८,६३८, व्यंजनं ११,३६२. कुठलंही अक्षर स्वर असण्याची शक्यता ०.४३२. पण आधीचं अक्षर स्वर असेल तर ती ०.१२८ वर येते, आणि आधी व्यंजन असेल तर ०.६६३ वर जाते. पुढचं अक्षर आधीच्यावर अवलंबून आहे हे यातून आकड्यांत दिसतं. मजकूर तयार करणाऱ्या आजच्या मॉडेलांची कल्पना समजावायला यापेक्षा चांगली सुरुवात माहीत नाही. शिवाय ती कवितेतून येते.

लॅब: हाच हिशोब स्वतःच्या निवडीच्या मजकुरावर. प्रोग्रॅम सुमारे २५ ओळींचा. चाचणीची अट आधी लिहायची: अक्षरं जितकी, त्याहून शेजारच्या अक्षरांच्या जोड्या एकने कमी. चारही प्रकारच्या (स्वर-स्वर, स्वर-व्यंजन, व्यंजन-स्वर, व्यंजन-व्यंजन) जोड्यांची बेरीज तेवढी येत नसेल तर पुढे जायचं नाही. लूप एक पाऊल जास्त गेला तर प्रोग्रॅम थांबतो, ते बरं. एक पाऊल कमी गेला तर शेवटची जोडी हरवते आणि काहीच तक्रार येत नाही. बेरजेची अट यासाठीच.

मराठी मजकूर घेतलेल्या जोड्यांना सगळ्यात कठीण आणि सगळ्यात चांगला प्रश्न मिळाला. 'क' मधला 'अ' कुठे लिहिलेलाच नाही. कोडपॉइंट (युनिकोडमधल्या प्रत्येक खुणेचा क्रमांक) मोजले तर स्वर फारच कमी दिसतात. नियम असा बसवावा लागतो: व्यंजनानंतर मात्रा किंवा हलन्त नसेल तर तिथे 'अ' घालायचा. मग 'कमल'च्या शेवटच्या 'ल'चं काय? उच्चारात तिथे 'अ' नाही. 'कमला'त मात्रा आहे, 'करतो'तला 'र' उच्चारात पूर्ण नाही. लिपीप्रमाणे मोजायचं की उच्चाराप्रमाणे, हे मशीन ठरवू शकत नाही. दोन्ही उत्तरं मान्य, पण निर्णय पत्रकावर कारणासह लिहिलेला हवा आणि दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी दाखवायला हवेत. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी इथे सेमिस्टरभराच्या प्रकल्पाचं बीज आहे.

७ ऑक्टोबर: चित्रं

लॅबसाठी पी३ प्रकारची पीपीएम ही चित्राची फाइल: साधा मजकूर. वर पी३, मग रुंदी-उंची, मग २५५ ही सर्वात मोठी किंमत, मग प्रत्येक ठिपक्याचे लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे. चित्र करड्या रंगात बदलण्यासाठी वजनं: लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४. हिरव्याला वजन जास्त का, हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून ऐकायचं.

दोन खड्डे. एक, शून्यांची एक ओळ करून ती उंचीने गुणली तर सगळ्या ओळी एकच लिस्ट असतात. एक ठिपका रंगवला की पूर्ण उभा स्तंभ रंगतो. हे पडद्यावर लगेच दिसतं, म्हणून एकाच लिस्टला दोन नावं ही कल्पना शिकवायला ही लॅब उत्तम. दोन, नम्पाय या आकडेमोडीच्या मॉड्यूलमध्ये आठ बिटांच्या (० ते २५५) आकड्यांच्या दोन ॲरेंची बेरीज २५५ नंतर गुंडाळली जाते: २०० अधिक १०० म्हणजे ४४. उजळ करायला गेलं की पांढऱ्या भागात काळे डाग. आधी मोठ्या प्रकारात बदलून घ्या.

२१ ऑक्टोबर: मतमोजणी

राज्यशास्त्राची लॅब. मतपत्रिका म्हणजे पसंतीक्रमाच्या लिस्टी. तीन फंक्शनं: सर्वाधिक पहिली पसंती, बोर्डा गुण (पसंतीच्या क्रमाप्रमाणे गुण), आणि प्रत्येक दोन उमेदवारांची थेट लढत. तीन मतदार आणि अ-ब-क, ब-क-अ, क-अ-ब असे क्रम दिले की अ ब ला हरवतो, ब क ला आणि क अ ला. थेट लढतीचा प्रोग्रॅम विजेताच देत नाही. काहींना वाटतं कोड चुकला. तो चुकलेला नाही, हे फ्रेंच विचारवंत काँदोर्सेने अठराव्या शतकातच दाखवलं आहे. यानंतर केनेथ ॲरो यांचं १९५१ मधलं प्रमेय (तीन किंवा जास्त उमेदवार असतील तर पसंतीक्रमांवरची कुठलीही पद्धत सगळ्या रास्त अटी एकत्र पाळू शकत नाही) फक्त विधानापुरतं.

खरी मौज बरोबरीत आहे. डिक्शनरीतून सर्वांत मोठी किंमत काढताना पायथॉन बरोबरी झाल्यास आधी भेटलेला उमेदवार देतो, आणि पायथॉन ३.७ पासून डिक्शनरीत क्रम टाकण्याचाच राहतो. म्हणजे कुणाची मतपत्रिका आधी वाचली यावर निवडणूक ठरते, आणि तसा निर्णय कुणीही घेतलेला नसतो. लॅबची शेवटची पायरी: मतपत्रिका उलट्या क्रमाने वाचा. विजेता बदलला तर प्रोग्रॅम अपुरा.

४ नोव्हेंबर: न्याय्य भाकीत

अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज देणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर २०१६ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने आक्षेप घेतला: पुन्हा गुन्हा न केलेल्यांपैकी धोकादायक ठरवले गेलेले कृष्णवर्णीयांत जास्त. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर असं आलं, की धोकादायक ठरवलेल्यांपैकी अंदाज खरा ठरण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच आहे. दोन्ही बाजूंचे आकडे एकाच वेळी खरे कसे?

आधी कागदावर. गट अ मध्ये १०० जण, त्यातले ५० पुन्हा गुन्हा करणारे. प्रोग्रॅम ५० जणांना धोकादायक म्हणतो, त्यातले ४० खरे. गट ब मध्ये १०० जण, २० पुन्हा गुन्हा करणारे. प्रोग्रॅम २० जणांना धोकादायक म्हणतो, त्यातले १६ खरे. दोन्ही गटांत अंदाज ८० टक्के खरा, दोन्हींत २० टक्के गुन्हेगार सुटतात. पण अ मध्ये ५० निरपराधांपैकी १० वर ठपका, म्हणजे २० टक्के. ब मध्ये ८० पैकी ४, म्हणजे ५ टक्के. आता ब मध्येही ठपका २० टक्के करा: १६ निरपराध अडकतात आणि अंदाजाचा खरेपणा ५० टक्क्यांवर येतो. मूळ प्रमाणच वेगळं असेल आणि अंदाज बिनचूक नसेल तर तिन्ही गोष्टी एकत्र सारख्या ठेवता येत नाहीत.

मगच कोड. चार आकडे (बरोबर ठपका, चुकीचा ठपका, सुटलेले गुन्हेगार, योग्य सोडलेले) घेऊन वरची तीन प्रमाणं परत देणारं फंक्शन, आणि छेद शून्य असेल तर काय परत द्यायचं हे पत्रकावर. शून्य परत देणं चूक आहे: 'कुणावरच ठपका नाही' आणि 'मोजता येत नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. नन द्या.

इथे संगणकशास्त्र आणि नीतिशास्त्र असे दोन तास वेगळे ठेवू नयेत. नीतीवरची चर्चा आकड्यांआधी घेतली की ती मतांची देवाणघेवाण होऊन संपते. हिशोब हातात असला की विद्यार्थी नेमकं विचारतात: कोणती चूक कोणाला जास्त महाग पडते?

१८ नोव्हेंबर: मर्यादा

ॲलन ट्युरिंग, १९३६: कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारा प्रोग्रॅम असू शकत नाही. 'थांबेल का' नावाचं फंक्शन आहे असं समजा. ते वापरून असं फंक्शन लिहा जे स्वतःबद्दल 'थांबेल' हे उत्तर मिळालं तर कायम फिरत राहील, आणि 'नाही' मिळालं तर थांबेल. दोन्हीकडे उत्तर खोटं ठरतं, म्हणजे 'थांबेल का' असूच शकत नाही. ४० मिनिटं पुरतात, पण 'प्रोग्रॅम हाही डेटाच' ही कल्पना आठवडाभर आधी, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी मोजणारा प्रोग्रॅम लिहून पक्की करावी लागते.

२ डिसेंबर: मूल्यमापन

आपोआप तपासणी: दशांश संख्या बरोबरच्या चिन्हाने तपासायच्या नाहीत, कारण ०.१ अधिक ०.२ ची तुलना ०.३ शी केली तर उत्तर 'खोटं' येतं. जवळपणाचं फंक्शन वापरायचं. प्रत्येक चाचणीला ५ सेकंदांची मर्यादा, नाहीतर एक न संपणारा लूप सगळी रांग अडवतो. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा तुलनेआधी काढायच्या. चाचणी नापास झाली तर दिलेलं इनपुट, अपेक्षित आणि मिळालेलं उत्तर तिन्ही दाखवायचे. नुसतं 'नापास' दिसलं की विद्यार्थी अंदाजाने ओळी बदलत सुटतात.

गुण: व्याख्या-पत्रक ३०, कोड ३०, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या चाचण्या १५, तोंडी २५. तोंडीला दहा मिनिटं, म्हणजे २४ जणांना चार तास. प्रश्न दोनच: ही ओळ काढली तर काय होईल, आणि पत्रकातला हा निर्णय उलटा घेतला तर कोडमध्ये कुठे हात घालावा लागेल. कोड एआयकडून आला की मित्राकडून, हे शोधत बसण्याची गरज राहत नाही. ज्याला निर्णयाची जागा दाखवता येते त्याला कोड समजलेला असतो.

पुढच्या सेमिस्टरसाठी बदल: मतमोजणी चित्रांच्या आधी घ्यायची, म्हणजे डिक्शनरीचा सराव सलग होईल. मजकूर साफ करण्याची फंक्शनं मार्कोव्हच्या लॅबला तयार न देता फक्त त्यांच्या चाचण्या द्यायच्या, 'दुसऱ्या'च्या तिन्ही रूपांसकट.